संपाची गोष्ट नातवंडांना का सांगायची

नमस्कार. 'आजोबा गिरणी संपात देशोधडीला लागले हे नातवंडांना सांगून काय साधणार? पोरांना पुढे बघू द्या,' असं तुम्ही लिहिलंत. अमेरिकेतलं संशोधन चाळीतल्या घरांना लावू नका, असंही बजावलंत.

संशोधनाचं आधी सांगते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना 20 प्रश्न विचारले. आईबाबा कसे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, घरावर काय संकट आलं होतं, असे. ज्यांना जास्त माहिती होती त्यांचा आत्मविश्वास जास्त दिसला. उत्तरं पाठ करवून मूल खंबीर होत नाही, हे ड्यूक यांनीच स्पष्ट केलंय. मोल आहे ते जेवताना, प्रवासात, सणावाराला वर्षानुवर्षं चालणाऱ्या सांगण्या-ऐकण्याला. त्याला चाळीतली खोली कशी आड येईल? तिथे तर सगळे एकमेकांच्या कानाशीच असतात.

आता संप. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख कापड गिरणी कामगार बाहेर पडले. आमचे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. तुम्ही म्हणता तसंच त्यांनी केलं, त्या दिवसांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. पण लालबागच्या त्या खोलीत मुलांच्या कानावर तुकडे पडतच राहिले. आजीचे दागिने गेले, आत्याची शाळा सुटली, वाण्याने उधारी बंद केली. धाकट्या काकांनी त्यातून एवढंच जोडलं की आपल्या बापाला नोकरी टिकवता आली नाही. अख्खं गिरणगाव त्याच अवस्थेत होतं, संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही, हे त्यांनी चाळिशी उलटल्यावर समजून घेतलं. तोवर आजोबा गेले होते. मनातला तो राग काकांनी इतकी वर्षं वागवला, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि त्याच काळात आजीने खाणावळ चालवून घर तगवलं, हेही त्या गप्प बसण्यात बुडालं. दुःख लपवताना तिचे कष्टही लपले.

वयाचं भान हवं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. माझी मुलगी 9 वर्षांची आहे. तिला उधारी आणि खाणावळ सांगितली आहे, सावकार चाळीत येऊन काय बोलून गेला ते अजून नाही. ते ती मोठी झाल्यावर सांगेन.

तुमच्या घरी हा विषय काढायचा नाही असं ठरलं असेल, तर तो तुमचा निर्णय. एवढीच विनंती, नातवंडांनी आपणहून विचारलं तर 'तुला काय करायचंय' म्हणून त्यांना गप्प करू नका.