जोत्तोचे गुडघे आणि आमचे

चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा यापुढे कोणत्याही कचेरीचा जिना चढायचा नाही असे मी ठरवले होते. तो निश्चय फ्लॉरेन्समध्ये मोडला. तिथल्या जगप्रसिद्ध कलादालनाच्या ‘उफ्फिझी’ या नावाला काहीतरी भारदस्त अर्थ असेल अशी माझी समजूत होती. चौकशी केल्यावर तो ‘कचेऱ्या’ एवढाच निघाला. फ्लॉरेन्सचा तेव्हाचा ड्यूक पहिला कोसिमो मेदिची याने आपली सरकारी खाती एका छपराखाली आणण्यासाठी १५६० मध्ये वास्तुविशारद वासारीकडून ही इमारत बांधायला घेतली होती. म्हणजे आगाऊ वेळ ठरवून, युरो मोजून आणि तपासणीत कमरेचा पट्टा काढून मी पुन्हा कचेरीतच शिरलो; फरक एवढाच की या कचेरीत मला खुर्ची नव्हती.

मुख्य दालने सर्वांत वरच्या मजल्यावर आहेत. वासारीचा जिना चढून आम्ही धापा टाकत ज्या दालनात पोहोचलो, तिथे चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तीन जुन्या इटालियन चित्रकारांनी रंगवलेल्या तीन भल्यामोठ्या मरियम होत्या. तिन्ही सिंहासनावर, तिघींच्या मांडीवर बाळ आणि मागे सोनेरी मुलामा. मला त्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या वाटल्या.

“अहो, नीट बघा,” सौभाग्यवती वही उघडत म्हणाल्या, “जोत्तोच्या मरियमचे गुडघे दिसतात.”

खरोखरच दिसत होते. चिमाबुएने वस्त्राच्या घड्या सोन्याच्या रेघांनी काढल्या होत्या. जोत्तोने मात्र १३१० च्या सुमारास नुसत्या छायाप्रकाशाने त्या कापडाखाली एक हाडामांसाची, वजनदार बाई बसवली होती, आणि युरोपच्या चित्रकलेने तिथेच वळण घेतले असे जाणकार म्हणतात. मी त्या गुडघ्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. मला त्या बाईचा मनापासून हेवा वाटत होता, कारण ती बसली होती.

पुढे बोत्तिचेल्लीची व्हीनस भेटली. ती बिचारी शिंपल्यावर उभीच होती. दालनांची ही रांग नालेच्या आकाराची आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे आर्नो नदी दिसणाऱ्या खिडकीशी आल्यावर, झाले एकदाचे, म्हणून मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात तितकाच लांब दुसरा व्हरांडा समोर उभा राहिला. तो संपल्यावर कळले की खाली आणखी एक मजला आहे आणि तिथे चित्रकार काराव्हाज्जो वाट पाहत आहेत.

या सगळ्या हालांचे मूळ एका बाईच्या सहीत आहे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी करार करून घराण्याचा कलासंग्रह या शहराबाहेर जाऊ नये अशी अट घातली. आमच्याकडे वाटणीत आजीची तांब्याची घंगाळीसुद्धा तीन गावांना जातात. इथे मात्र बहुतेक सगळ्या वस्तू शहरातच राहिल्या, आणि त्या सगळ्या दोन दिवसांत पाहण्याची जबाबदारी आमच्यावर आली.

दुसऱ्या दिवशी आकादेमिया या संग्रहालयात डेव्हिडचा पुतळा पाहिला. आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट टाकून दिलेल्या संगमरवरातून मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला हा पाच मीटरहून उंच तरुण सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा आहे. त्याच्या घोट्यांपाशी बारीक तडे गेल्याचे अभ्यासकांना आढळले आहे, हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल जी आपुलकी वाटली, ती त्याच्या सौंदर्यामुळे वाटली नव्हती.

सोमवारी ही दोन्ही संग्रहालये बंद असतात. ती सुट्टी मी मनातल्या मनात पलंगावर घालवूनही टाकली होती. पण गॅलिलिओचे संग्रहालय सोमवारीही उघडे असते, हा शोध सौभाग्यवतींनी न्याहारीच्या टेबलावरच लावला.

तिथे अंडाकृती काचपात्रात गॅलिलिओचे बोट ठेवले आहे. उजव्या हाताचे मधले. १७३७ मध्येच, त्याचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या थडग्यात हलवताना, कोणा चाहत्याने ते काढून घेतले. वाळून काळपट पडलेले ते बोट ताठ उभे होते आणि नेमके छताकडे रोखलेले होते. सौभाग्यवतींनी बोटाकडे पाहिले, मग वहीकडे पाहिले.

“अहो,” त्या म्हणाल्या, “वरचा मजला राहिलाय.”