रेफ्रीनं हरवलं!

आपला संघ हरला की करण्यासारख्या गोष्टी दोनच. एक तर का हरलो याचा विचार करायचा, नाहीतर रेफ्रीला धरायचं. विचार करायला बसलं की घरच्याच पोराचं नाव निघायची भीती, तेव्हा शहाण्या माणसानं रेफ्रीलाच धरावं. तो कसा धरावा याचं प्रात्यक्षिक मला गेल्या रविवारी अगदी जवळून, म्हणजे माझ्याच कॉलरपाशी, बघायला मिळालं. १३ वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल मॅच होती. नेमलेला रेफ्री आला नाही. "दादा, तुम्ही खेळलाय की पूर्वी, घ्या शिट्टी," म्हणून संयोजकांनी मला उभं केलं. कुठली पेठ, कुठली तालीम ते विचारू नका, मला याच कोल्हापुरात राहायचंय. त्या सकाळी जे शिकलो, ते समस्त पराभूतांच्या कामी यावं म्हणून इथं देतो.

पहिलं म्हणजे सुरुवात किक-ऑफच्या आधी करावी. रेफ्री मैदानात उतरताना दिसला की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणावं, "ह्यो हाय व्हय आज? मग झालंच." जिंकलात तर हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही. हरलात तर तुम्ही द्रष्टे.

दुसरं, खेळाचे नियम एकूण १७ आहेत. एकही वाचू नये.

बॉल समोरच्याच्या हाताला लागला की तो हँडबॉल. आपल्या पोराच्या लागला की 'बॉल टू हँड'. आणि अर्जेंटिनावाल्यांसमोर मॅराडोनानं १९८६ ला हातानं मारलेल्या गोलचा विषय निघालाच, तर तो हात देवाचा होता. आपल्या बाजूनं झालेली चूक ही चूक नसते, कला असते.

ऑफसाइडचं, म्हणजे साथीदार पास देताना बचावफळीच्या पलीकडं गोलजवळ उभं राहण्याचं, मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझी कॉलर त्याच्यावरच गेली. ऑफसाइड ओळखायची सोपी खूण अशी: समोरच्या संघाचा पोरगा गोलजवळ एकटा दिसला की ऑफसाइड. पास कुणी दिला, कधी दिला, पायानं दिला की हातानं, या चौकशा करायच्या नाहीत. त्या दिवशी थ्रो-इन झाला. लांब थ्रो, एक बारकं पोरगं बचावफळीच्या मागं मोकळं उभं, त्यानं बॉल घेतला आणि कोपऱ्यात सारला. गोल. मी शिट्टी मारून मधल्या वर्तुळाकडं वळलो तर गॅलरीतून आवाज, "डोळं फुटल्यात का रं? चार फूट ऑफसाइड हाय!" थ्रो-इनवरून थेट बॉल घेतला तर ऑफसाइड होत नाही. गोलकिकवर होत नाही, कॉर्नरवर होत नाही. हा काही कालचा नवा नियम नव्हे, मी शाळेत खेळायचो तेव्हाही होता. त्या बाजूला झेंडा घेऊन उभं असलेलं राखीव पोरगं हरणाऱ्या संघाचंच होतं, त्यानंही झेंडा वर केला नाही. पण एक गृहस्थ खाली उतरले, रेषा ओलांडून आत आले आणि माझी कॉलर धरून विचारते झाले, "किती घेतलंस?" हे गोलकीपरचे वडील. आता जरा गंमत ऐका. मॅच संपली ४-१. हा गोल तिसरा. म्हणजे तो मी दिलाच नसता, तरी ते ३-१नं हरलेच असते. पहिले दोन गोल चिरंजीवांच्या दोन पायांमधून गेले होते, तिथं मात्र माझे डोळे शाबूत होते म्हणायचे. आणि ते पोरगं, ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं, ते मागं उभं राहून खालच्या आवाजात म्हणत होतं, "पप्पा, थ्रोला नसतंय ऑफसाइड." पप्पांनी त्याला गप्प बसवलं. १२ वर्षांच्या पोराला जे कळतं ते सांगितल्याबद्दल त्याला गप्प बसवलं.

असो. शांत होतो. सल्लेच द्यायचेत.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकावा. लाल वर्तुळ हवंच. माझा जो फिरला तो ११ सेकंदांचा होता आणि थ्रो हातातून सुटल्यावर सुरू होत होता. कापायचं कुठं, हे कळलं की पुराव्याचं अर्धं काम झालं.

आपल्या नऊ नंबरवर रेफ्रीचा राग असतो, हेही मनाशी पक्कं धरावं. तो पाचव्या मिनिटाला मागून पाय घालतो, विसाव्याला कोपर मारतो, तिसाव्याला कुणी हातही न लावता डीमध्ये आडवा होऊन साप चावल्यासारखा लोळतो, म्हणून त्याला कार्ड मिळतं असं थोडंच आहे? त्याला कार्ड मिळतं कारण रेफ्रीच्या मेव्हण्याची पेठ दुसरी. कुणी हसलंच तर रिआल माद्रिदच्या विनिसियसचं नाव घ्यावं. तेही खरंच आहे की. २१ मे २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या मैदानात त्याला प्रेक्षक माकड म्हणत होते, आणि शेवटी झटापट झाल्यावर लाल कार्ड कुणाला, तर त्यालाच. समोरच्यानं आधी त्याचा गळा आवळला होता. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओवर निर्णय तपासणाऱ्या पंचांच्या, खोलीतून रेफ्रीला दाखवलेल्या तुकड्यात तेवढंच नव्हतं. पुढं ते कार्ड रद्द झालं, आणि शिव्या देणाऱ्या तिघांना वर्षभरानं न्यायालयानं आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. ठरावीक खेळाडूवर अन्याय होतो तो असा होतो. आता यात आणि आपल्या नऊ नंबरमध्ये साम्य शोधायचं ते तुम्ही शोधा. मला एकच सापडलं: तिथंही व्हिडिओ अर्धाच दाखवला होता.

ओरडावं. याला शास्त्राचा आधार आहे, चेष्टा नाही. इंग्लंडमध्ये ४० पात्र पंचांना एकाच मॅचमधल्या धडकांचं चित्रण दाखवलं; काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, काहींना मूक. गोंगाट ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध जवळपास १५ टक्के फाउल कमी दिले. स्पेनच्या लीगचे आकडे तपासले तर यजमान एका गोलनं मागं असताना पंच जादा वेळ अधिक देतात आणि तो पुढं असला की लवकर शिट्टी मारतात, असं दिसलं. म्हणजे पंच झुकतात, हे अगदी खरं. ते झुकतात गॅलरीकडं. जी गॅलरी घसा फोडून सांगत असते की पंच आपल्याविरुद्ध आहे, तिच्याकडंच. फायदा खाऊन वर अन्यायाची बोंब मारता येणं ही सोय दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

फारच झालं तर संघ मैदानाबाहेर काढावा. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत केरळा ब्लास्टर्सनं काढला. बचावपटूंची भिंत उभी राहायच्या आत बंगळुरूचा सुनील छेत्री फ्री किक मारून मोकळा झाला, ब्लास्टर्सच्या कोचनी पोरांना आत बोलावलं, फुटबॉल महासंघानं क्लबला ४ कोटींचा दंड ठोकला. आपल्या मंडळाची शिल्लक बघून निर्णय घ्यावा.

आणि वादात कोंडी झाली की दोहा म्हणावं. ११ जून २०२४, विश्वचषक पात्रता, कतार. छांगटेच्या गोलनं आपण ३७व्या मिनिटापासून पुढं. ७३व्या मिनिटाला बॉल गोलखांबाच्या बाजूनं सरळ रेषेपार, म्हणजे मैदानाबाहेर, गेला, आपला गोलकीपर गुरप्रीत खालीच, कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला, दुसऱ्यानं मारला, रेफ्रीनं गोल दिला. व्हीएआर नव्हतं. २-१नं हरलो, पात्रतेतून बाहेर. आंधळ्यालाही दिसेल असा अन्याय, आणि त्या रात्री टीव्हीसमोर मीही तोंडाला येईल ते बोललोय. फक्त दोहा म्हणताना गुवाहाटी म्हणू नये. तिथं मार्चमध्ये अफगाणिस्तानकडून २-१नं हरलो होतो. कोलकाताही म्हणू नये, तिथं कुवेतला एक गोल मारता आला नव्हता. त्या दोन्ही मॅचचा रेफ्री कोण होता, सांगा बघू? नाही ना आठवत? आठवायची गरजच पडली नाही.

आता "किती घेतलंस?" याचं उत्तर. ३०० रुपये आणि एक वडापाव. वडापाव गार होता. एवढ्यासाठी भर उन्हात तुमच्या पोरांमागं पळालो, आणि पळता पळता चुकलोही असेन. तुमच्या एकुलत्या गोलआधीचा फाउल मला दिसला नाही, माझ्यापुढं दोन पोरं होती. त्याबद्दल एकानंही काही म्हटलं नाही, कारण तिथं फायदा तुमचा होता.

नेमलेला रेफ्री का आला नाही, ते विचारलंत तुम्ही? वीस वर्षांचं कॉलेजचं पोरगं आहे ते. परीक्षा देऊन पंच झालेलं. आदल्या रविवारी त्याच्या आईवरून शिव्या घातल्या, पाण्याचे पाऊच मारले, गाडीपर्यंत पाठलाग केला. मोठ्या सामन्यांना पोलीस तरी असतात, पोरांच्या मॅचला कोण असतंय? त्यानं किट संयोजकांना परत केलं. तुम्ही केलंत हे. पोरांच्या मॅचला येऊन विश्वचषक हरल्यासारखं छाती बडवणाऱ्यांनो, तुम्ही. बाप म्हणून आलाय ना? मग पोरगं गोल खाल्ल्यावर तुमच्याकडं बघतंय, त्याच्याकडं बघा की. तुम्हाला रेफ्रीच दिसतो. पुढच्या मॅचला तेही हेच करणार. गोल खाल्ला की आधी हात वर, मग रेफ्रीकडं धाव, बॉल जाळीतच. याला शिकवणं म्हणत असाल तर शिकवा बापडे.

शुक्रवारी परत फोन आला होता, या रविवारीही रेफ्री नाही म्हणून. मी नाही म्हटलं. शिट्टी माझ्याकडंच राहिलीय, घरी खुंटीला आहे. ज्यांना चार फूट ऑफसाइड दिसलं त्या साहेबांनी येऊन घेऊन जावी. सकाळी साडेसातला मैदानावर. वडापाव आधीच मागून घ्या, नंतर गार होतो.