समुद्राच्या बातम्या नाशकात पण वाचा राव

नाशिककराला समुद्र म्हणलं की काय आठवतं, अलिबाग नाहीतर दापोली, जोडून आलेली सुट्टी, सुरमईची थाळी आणि परत येताना कसारा घाटातलं ट्रॅफिक. बाकी समुद्र म्हणजे मुंबई-कोकणवाल्यांचं खातं. परवा फॅमिली ग्रुपवर हिंद महासागराच्या तापमानाची बातमी टाकली तर एका काकांचा लगेच रिप्लाय, "आपल्याकडं कुठं समुद्र आला, गंगापूर धरण किती टक्के भरलं ते सांग." काका बायकोच्या माहेरचे, त्यामुळे तिथं अंगठा दाखवून गप्प बसलो आणि इथं लिहितोय.

काका, गंगापूर धरणात जे साठतं ना ते समुद्राचंच पाणी आहे हो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वारं सुटतं, बाष्प उचलून आणतं, सह्याद्रीला धडकतं, इगतपुरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास ओततं आणि सिन्नर-येवल्याला पोचेपर्यंत पाचशे-साडेपाचशेवर येतं. एकाच जिल्ह्यात इकडे भाताची आवणी आणि तिकडे टँकरची वाट, हे सगळं त्या वाऱ्यात घाट ओलांडल्यावर किती ओल उरली त्यावर ठरतं. आणि ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण गोदामाई पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. एका समुद्रातून घ्यायचं आणि दुसऱ्याला नेऊन द्यायचं, मधे आपण.

बरं हे वारं फक्त आपल्यासाठी वाहत नाही. हेच नैऋत्येचं वारं सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी ढकलून देतं, मग खालचं थंड पाणी वर येतं, त्यात पोषक द्रव्यं भरपूर असतात, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) वाढतं, त्यावर मासे आणि मग व्हेल. जगभरातले हंपबॅक व्हेल खायला थंड समुद्रात आणि पिल्लं घालायला गरम समुद्रात असे हजारो किलोमीटर फिरतात, अरबी समुद्रातले मात्र कुठेच जात नाहीत कारण त्यांना इथंच पोटभर मिळतं. ओमानच्या बाजूला शंभराच्या आत उरलेत असा अंदाज आहे. म्हणजे निफाडचा बागायतदार आणि तो व्हेल एकाच वाऱ्यावर जगतात, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. चातक पण त्याच वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून येतो. आणि पावसाळ्यात गंगापूर रोडला क्रिकेटच्या ग्राउंडवर पिवळट चतुरांचे थवे फिरतात बघा, ते पाऊस संपल्यावर उलट्या वाऱ्यावर मालदीवमार्गे समुद्र पार करून पूर्व आफ्रिकेला जातात असं अभ्यासक सांगतात. दोन बोटांएवढा किडा! आपल्याला कसारा उतरायचा कंटाळा येतो.

आता इतिहासाकडे येतो, कारण इथं मला जरा जास्तच बोलायचंय. पांडवलेणीला आपण व्यायामाला जातो, पायऱ्या मोजतो, सेल्फी काढतो. तिथं ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, त्यात तिच्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन केलंय की ज्याची घोडी-वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली. नाशकातल्या डोंगरावर राजाची बढाई मारायची तर ती समुद्राची मारली, विचार करा. १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो, त्यात भरुच आणि सोपारा ही बंदरं आणि आपलं नाशिकजवळचं गोवर्धन एका दमात येतं. त्या काळी ही गावं एकाच रस्त्याची स्टेशनं होती. पावसाळी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून जहाजं थेट यायची, माल घाट चढून-उतरून जायचा. त्याच काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात भरुचला काय उतरायचं त्याची यादी आहे, त्यात वाईन आहे, त्यातही इटलीची जास्त चालायची म्हणे. (वाईन कॅपिटलवाल्यांनी नोंद घ्यावी.) आणि कल्याणला चुकून गेलेलं ग्रीक जहाज पहारा लावून भरुचला नेलं जायचं, हेही त्यात आहे, म्हणजे बंदरावरून राजकारण तेव्हापासून जोरात.

१९०६ साली जोगलटेंभीला, आपल्या सिन्नर तालुक्यात, १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी नहपानाची, त्यावर त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने परत स्वतःचा छाप मारलेला. आपण शाळेत शिकलो सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात लढाया झाल्या, पण लढत कशासाठी होते ते कोणी नीट सांगितलं नाही. माझ्या मते निम्म्याहून जास्त भांडण समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांचं आणि जकातीचं होतं.

आणि आत्ताचं घ्या. २०१९ आठवा. मे महिन्यात जिल्ह्यात टँकर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदाकाठचा दुतोंड्या मारुती (ज्यावरून आपण पुराची पातळी मोजतो) बुडाला, आणि ऑक्टोबर उलटला तरी पाऊस जायचं नाव घेईना. छाटण्या झालेल्या, फुलोऱ्यातल्या द्राक्षबागा डाऊनी रोगाने गेल्या, लाल कांदा वावरातच सडला. सगळीकडे एकच वाक्य, निसर्गाचा लहरीपणा. मला ह्या वाक्याची भयंकर चीड आहे. लहरी कसला? त्या वर्षी हिंद महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त गरम आणि इंडोनेशियाकडची थंड होती, ह्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात आणि तो त्या वर्षी भलताच जोरात होता. मान्सून माघारी फिरायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादं चक्रीवादळ होतं तिथं पाच झाली, त्यातली क्यार आणि महा ऐन आपल्या हंगामात. त्याच डायपोलने पूर्व आफ्रिकेला पुरात घातलं आणि ऑस्ट्रेलियाला कोरडं करून तिथल्या वणव्यांना हातभार लावला. डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला आणि इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा बोटीने मागवावा लागला, लासलगाव ज्या देशात आहे त्या देशाला!

म्हणून सगळं खापर समुद्रावर फोडा असं नाही. कांद्याचे निम्मे हाल दिल्लीत होतात, निर्यातबंदी काही डायपोल करत नाही. आणि एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं) आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच हेही खरं नाही, १९९७ला प्रशांत महासागरात प्रचंड एल निनो होता तरी आपल्याकडे देशात पाऊस सरासरीइतका झाला. उलट २०२३ला एल निनोच्या वर्षात देशातला १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला आणि येवला, सिन्नर, मालेगाव दुष्काळी जाहीर झाले. त्यात माणसाने वाढवलेल्या उष्णतेतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा समुद्रच गिळतोय, अरबी समुद्र तापतोय, त्यामुळे आजोबांचे नक्षत्रांचे ठोकताळे आता किती चालतील मला शंका आहे.

तरी आपल्याकडच्या कृषी मेळाव्यात खतं, औषधं, ड्रोन सगळ्यावर भाषणं होतात, समुद्रावर अर्धा तास कोणी बोलत नाही. धरणाची टक्केवारी रोज छापून येते, समुद्राचं तापमान कधीच नाही. हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतं त्यात एल निनो आणि डायपोल दोन्हींबद्दल लिहिलेलं असतं, पण आपण टक्क्याचा आकडा वाचतो आणि पान उलटतो.

२०२७ला सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसात. गंगापूरमधून पाणी कधी आणि किती सोडायचं, रामकुंडावर एका वेळी किती माणूस उभा करायचा, हे त्या वर्षी समुद्र काय करतोय त्यावरच जाणार. रस्ते, टेंडर, साधुग्रामच्या बातम्या रोज वाचतोय. नियोजनाच्या मीटिंगमध्ये हवामानवाला माणूस बसतो का, आणि बसत असेल तर त्याला बोलू देतात का, हे कोणाला पक्कं माहीत असेल तर सांगा.