‘आकड्यांना इस्त्री’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्रॅश टेस्टच्या सेन्सरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “फिल्टर लावणं म्हणजे आकड्यांना इस्त्री. लॅबवाले नको ते टोक पुसतात आणि तुम्ही टाळ्या वाजवता.” (फिल्टर म्हणजे सेन्सरच्या नोंदीतली ठरलेल्या मर्यादेपुढची जलद थरथर गाळणारी चाळणी.) भारत एनकॅपची, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या आपल्या सरकारी चाचणीतली, समोरची धडक ताशी 64 किमीला होते, मी 56 लिहिलं होतं. ती चूक तुम्ही दाखवलीत. मान्य, दुरुस्तही केली. पण चूक दाखवणं वेगळं आणि राबणाऱ्या माणसांना खोटारडं ठरवणं वेगळं. अशी भाषा तुम्ही समोर बसून वापरली असतीत का?

अकरा वर्षं मी डमीत, म्हणजे धडकेच्या चाचणीत गाडीत बसवतात त्या माणसासारख्या पुतळ्यात, सेन्सर बसवलेत. कवटीचं मागचं झाकण काढायचं, आतल्या ठोकळ्यावर नखाएवढे तीन ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारे सेन्सर) तीन दिशांना आवळायचे, वायरी मानेतून खाली घ्यायच्या. एकदा माझ्याच हातून एक स्क्रू सैल राहिला. धडकेनंतर डोक्याच्या आलेखावर कंगव्यासारखे दात उमटले. ते दिसले कच्च्या नोंदीत, कारण ती जशीच्या तशी जपून ठेवलेली असते. चाचणी रद्द झाली, अख्खी गाडी वाया गेली, आणि सगळ्यांसमोर मी बोलणी खाल्ली. पुसायचंच असतं तर त्या दिवशी पुसलं असतं ना?

आणि फिल्टर मर्जीने निवडत नाहीत हो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे211 या मानकात ते आधीच ठरलेलं आहे. डोक्याला सीएफसी 1000 (सीएफसी हा फिल्टरचा वर्ग), म्हणजे साधारण 1650 हर्ट्झपर्यंतचं राखायचं. गाडीच्या सांगाड्याला सीएफसी 60, म्हणजे साधारण 100 हर्ट्झपर्यंतचं. धडकेत पत्रा झणझणतो, ती झणझण म्हणजे गाडीचा वेग कमी होणं नव्हे. आपल्याला मोजायचं असतं ते वेग कमी होणं. डोक्याच्या इजेचा आकडा तर तिन्ही दिशांचं त्वरण एकत्र करून, 15 मिलिसेकंदांपर्यंतच्या सर्वांत वाईट तुकड्यावरून काढतात. तिथे टोक पुसलं तर मोजायला उरलं काय?

माझ्या आलेखाखाली फिल्टरचा वर्ग नव्हता, हेही तुम्ही म्हणालात. लेख सामान्य वाचकांसाठी होता, म्हणून नव्हता. मोबाईलमधल्या सेन्सरने हेच काम होईल म्हणता, तर तो सहसा 16 जीपर्यंतच, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 16 पटीपर्यंतच मोजतो; धडकेला ते पुरत नाही. त्यावर मी वेळ घालवणार नाही.

पुढच्या वेळी ‘पुसतात’ असं लिहाल, तेव्हा कुणी पुसलं आणि कुठल्या चाचणीत, तेही लिहा.