मैदानाला तिकीट लावण्याआधी

महालक्ष्मी रेसकोर्सच्या 120 एकरांवर सेंट्रल पार्क होणार म्हटल्यापासून मुंबईतल्या मंडळींचा एकच सूर ऐकतोय. नुसती मोकळी जागा ठेवून कसं चालेल? फुकट ठेवली की वाट लागते. खाली पार्किंग काढा, वर काहीतरी बांधा, तिकीट लावा. 2023 मध्ये महापालिकेने मैदानं दत्तक देण्याचं धोरण आणलं आणि विरोधामुळे ते थांबलं, तेव्हाही हेच ऐकलं होतं. शिवाय, आपल्या उन्हात बाहेर बसणार कोण? आणि तुम्ही शिकागोत बसून आम्हाला शिकवू नका.

शिकवत नाही, पण बोलणार. शिकागोचा उन्हाळा थंड हवेमुळे किंवा गोऱ्यांच्या शिस्तीमुळे बहरतो, हा समज आधी काढून टाका. समारंभ संपल्यावर इथलं गवतही कागदी कपांनी भरतं. फरक एवढाच की ते रात्रीतच उचललं जातं.

शिकागोतली मिशिगन तळ्याकाठची जमीन कायम मोकळी राहावी, तिच्यावर इमारत येऊ नये, असं 1836 च्या नकाशावरच लिहिलं होतं. तेवढ्याने ती वाचली नाही. कॅटलॉगवरून माल विकणारा व्यापारी मॉन्टगोमेरी वॉर्ड 1890 पासून 1911 पर्यंत महापालिकेशी कोर्टात भांडला, तेव्हा ग्रँट पार्क उरलं. शहरातल्या बड्यांनी त्याला विकासाचा शत्रू ठरवलं होतं. त्या निकालांचा वचक असा की 2004 मध्ये ग्रँट पार्कच्याच एका कोपऱ्यातल्या मिलेनियम पार्कात वास्तुरचनाकार फ्रँक गेरीचा प्रित्झकर पॅव्हिलियन हा खुला रंगमंच उभा राहिला, तो कागदोपत्री इमारत नसून ‘कलाकृती’ आहे. पळवाट खरीच, पण पळवाट शोधावी लागली.

त्याच पॅव्हिलियनमध्ये आता ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल होतो. तो 1935 पासूनचा, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पूर्ण वाद्यवृंद, हिरवळीवर फुकट. बुधवारी आणि शुक्रवारी साडेसहाला, शनिवारी साडेसातला. बसायचं ते लोखंडी कमानींच्या जाळीखाली. ध्वनिवर्धक तिथेच टांगलेले असतात, जाळीबाहेर गेलात की व्हायोलिन विरतं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर सतरंजीखाली प्लास्टिक हवंच, कारण गवत वरून कोरडं दिसलं तरी ओल खालून चढते. खुर्ची बुटकी आणा, उंच खुर्चीवर मागचे वैतागतात. जुलैतही जाकीट लागतं, वारा तळ्याकडून फिरला की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. वीज कडाडली तर कार्यक्रम थांबतो आणि लोकांना जमिनीखालच्या गॅरेजमध्ये पाठवतात. हो, या बागेखालीही पार्किंग आहे. पार्किंगसकट अख्ख्या बागेचं काम चार वर्षं रखडलं आणि खर्च ठरल्याच्या तिपटीवर गेला. खाली पार्किंग काढू म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

तळं तर त्याहून लहरी. सलग पश्चिमेचा वारा वाहिला की वरचं ऊबदार पाणी आत लोटलं जातं, तळाचं गार पाणी काठाशी येतं आणि भर जुलैत पाय बधिर होतात. उत्तरेच्या वाऱ्यात लाटा उठतात. धक्क्याच्या कडेने पाण्याचा ओढा आत खेचतो. अशा वेळी किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. आधी पाठीवर तरंगावं, श्वास सावरला की ओढ्याला आडवं निघावं. किनाऱ्यांवर हंगामात अकरा ते सात जीवरक्षक असतात. झेंडा हिरवा, पिवळा की लाल, हे उतरण्याआधी बघायचं. लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. धोका सांगणारा पगारी माणूस उभा आहे, म्हणून किनारा फुकट आणि खुला ठेवणं परवडतं.

आणि इथला खास खेळ, सोळा इंची सॉफ्टबॉल. सोळा इंच हा चेंडूचा घेर आणि हातात ग्लोव्ह नाही. मंदीच्या काळात तो फोफावला: ग्लोव्हला पैसे नव्हते आणि एवढा चेंडू छोट्या मैदानाबाहेर जात नाही. कोरा चेंडू दगडासारखा असतो, पहिल्या डावांत बोटं दुखावतात ती तेव्हाच. छातीच्या वरचा झेल बोटं वर ठेवून, कमरेखालचा बोटं खाली ठेवून घ्यायचा, आणि चेंडू लागताच हात मागे सोडायचे. ताठ हाताने पकडलं की बोटाचं पेर सुजलंच. चेंडू मार खाऊन मऊ पडतो, मग फटके कमी लांब जातात आणि क्षेत्ररक्षक पुढे सरकतात. शिवाजी पार्कवर एकात एक मिसळलेले सामने खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जागा अपुरी पडली तरी खेळ तग धरतो. जागाच गेली तर नाही.

हे सगळं चालतं कशावर? शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट ही 1934 पासूनची स्वतंत्र संस्था आहे आणि मालमत्ता कराच्या बिलात तिची वेगळी ओळ असते. माळी, जीवरक्षक, स्वच्छतागृहं या सगळ्यांचा मोठा भार त्या ओळीवर आहे. इथेही पैशाचा मोह होतो. लोलापालूझा या संगीत महोत्सवासाठी ग्रँट पार्क चार दिवस कुंपण घालून तिकिटावर जातं, नंतर गवत पुन्हा लावावं लागतं, आणि त्यावर इथले लोक दरवर्षी भांडतात. मला ते भांडण योग्य वाटतं.

उन्हाचं म्हणाल तर मुंबईचा मे महिना सकाळी सहा ते नऊ आणि सूर्य उतरल्यावर वापरता येतो. फेब्रुवारीत काळा घोड्याला रस्त्यावर गर्दी होतेच, तिथे कुणी तिकीट मागत नाही.

मी मुंबईत कर भरत नाही, मतदानालाही नसतो. तुम्ही कोण, या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. उद्यानाचा कर मी शिकागोत भरतो आणि जीव मात्र शिवाजी पार्कच्या धुळीवरून जळतो. तरी रेसकोर्सचा आराखडा पुढ्यात येईल तेव्हा त्यातली चित्रं बाजूला ठेवून एवढं विचारा: पाणपोई किती, स्वच्छतागृहं किती, रात्री ती उघडी कोण ठेवणार, आणि गवताला पाणी घालणाऱ्या माळ्याचा दहाव्या वर्षीचा पगार अर्थसंकल्पाच्या कुठल्या शीर्षाखाली धरलाय?