आधी नाव सांगा

तोक्योत माझ्या कार्यालयात एक जपानी बाई आहेत, वय साठीच्या आसपास. स्टेशनबाहेर एखादा हसतमुख तरुण 'दोनच मिनिटांची प्रश्नावली आहे' म्हणत पुढे आला, की त्या थांबतात आणि अत्यंत नम्रपणे एकच प्रश्न विचारतात : "संस्थेचे नाव काय?" उत्तर मिळेपर्यंत त्या त्याला सोडत नाहीत. सोबतच्या आम्हा मंडळींना अवघडल्यासारखे होते.

कॉलेजात असताना अशाच एका प्रश्नावलीतून त्या युनिफिकेशन चर्चमध्ये ओढल्या गेल्या. सून म्युंग मून यांनी १९५४ साली सोलमध्ये स्थापन केलेला हा पंथ जपानी विद्यापीठांत इतका पसरला होता, की १९६७ सालीच तिथल्या वृत्तपत्राने त्याला 'आईबापांना रडवणारी चळवळ' म्हटले होते. बाईंना मात्र आधी चित्रफिती पाहण्याचे केंद्र दाखवले गेले, मग शिबिर, आणि हा धर्म आहे हे कळले तेव्हा सगळे मित्र तिथलेच झाले होते. पुढे सहाजणांनी एका व्हॅनमध्ये झोपायचे, पहाटे अनोळखी गावात उतरायचे, दारोदार सुक्या मासळीची पाकिटे विकायची आणि रात्री गल्ला मोजायचा, असा दिनक्रम सुरू झाला. गल्ला कमी भरला, तर श्रद्धा कमी पडली असे ऐकावे लागे. गिऱ्हाइकाला पैसा कुठे जातो हे सांगायचे नाही, हेही ठरलेले. (मासळी चांगली होती, असे त्या आजही प्रामाणिकपणे सांगतात.)

अशा माजी अनुयायांना कडवट, धर्मद्वेष्टे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. १९८७ साली साप्पोरोत काही माजी अनुयायी न्यायालयात गेले. 'आमचे तारुण्य परत द्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यांची ती सुरुवात. मुळात धर्म आहे हे लपवून माणसाला ओढणे हेच बेकायदेशीर, असा निकाल मिळायला २००१ साल उजाडले. म्हणजे बाई स्टेशनबाहेर जे विचारतात, ते मान्य व्हायला चौदा वर्षे लागली.

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या २०२२ मधील हत्येनंतर, आरोपीच्या आईने या चर्चला सुमारे १० कोटी येन दिल्याचे उघड झाले आणि मग सारा देश खडबडून जागा झाला. त्याच डिसेंबरात देणग्यांबाबत कायदा झाला. मार्च २०२५ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. माजी अनुयायी हेच कित्येक दशके सांगत होते, पण त्यांच्याकडे 'फसलेली माणसे' म्हणूनच पाहिले गेले, आणि फसलेल्या माणसाची साक्ष आपण सहसा निम्म्या किमतीत घेतो.

या संशयाचा त्रास सरळमार्गी युवा मंडळांनाही होतो, हे मला मान्य आहे. एखादा पाद्री खरोखरच मुलांना फुटबॉल खेळायला बोलावत असेल. पण त्याने पहिल्याच दिवशी आपले नाव आणि पैशाचा हिशेब समोर ठेवला, तर त्याचे काय बिघडते? ज्याला हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, त्याच्याविषयी माझाही संशय बळावतो.

गेल्या वर्षी बाईंना मी आमच्या गणेशोत्सवाला बोलावले होते. वर्गणीचे पावतीपुस्तक समोर आल्यावर त्यांनी मंडळाचे छापील नाव माझ्याकडून वाचून घेतले, पान उलटून मागची बाजू पाहिली, खजिनदार कोण ते विचारले आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत केले. वर्गणी दिली नाही. मोदक मात्र दोन घेतले. खजिनदार थोडे खट्टू झाले. मी झालो नाही.