खुनाला माफी आहे, पुडीला नाही

ऑक्टोबर 2023 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून ड्रग्जच्या खटल्यातला कैदी पळाला. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडी हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना सापडला. तेव्हापासून महाराष्ट्रात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘सौदीसारखा कायदा आणा. दोन-चार मुंडकी उडाली की सगळे सरळ येतील.’ मग आखातात राहणाऱ्या मराठी माणसाकडे मोठ्या आशेने बघितलं जातं, की तूच सांग आता यांना, तिकडे कसं कडक असतं ते.

कडक असतं, यात वाद नाही. अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेच्या मोजणीप्रमाणे 2024 मध्ये सौदीत 345 जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यातले 122 अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी. पण हा कडकपणा थेट कुराणातून आलाय अशी जी समजूत घरी असते, तिथेच गडबड आहे.

कुराणात अफू, चरस, गोळ्या यांचा उल्लेख नाही. मद्य निषिद्ध आहे, पण पिणाऱ्याला फटके किती, चाळीस की ऐंशी, हे पुढच्या परंपरेने ठरवलं. दमास्कसच्या इब्न तैमिया या धर्मपंडिताने सातशे वर्षांपूर्वी चरस घेणाऱ्यालाही पिणाऱ्याचेच फटके लागू केले. म्हणजे मद्याशी तुलना करून कितीही ताणलं तरी मजल फटक्यांपर्यंतच जाते. मृत्युदंडासाठी दुसरी वाट धरावी लागते. ती कुराणाच्या पाचव्या सूरेतल्या, म्हणजे अध्यायातल्या, 33 व्या आयतेतून जाते. अल्ला आणि पैगंबराविरुद्ध युद्ध पुकारणारे, भूमीवर ‘फसाद’ म्हणजे अनाचार माजवणारे, त्यांना ठार करणं, सुळी देणं, विरुद्ध बाजूचे हात-पाय तोडणं किंवा हद्दपारी. जुन्या भाष्यकारांनी ही आयत मुख्यतः वाटमारी करणाऱ्यांना लावली. तस्करही समाजाचा तितकाच नाश करतो, म्हणून तोही ‘मुफसिद’, म्हणजे फसाद माजवणारा, हा अलीकडचा युक्तिवाद. सौदीच्या ज्येष्ठ उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मंडळाने 1987 च्या 138 क्रमांकाच्या ठरावात तो अधिकृत केला: माल देशात आणणाऱ्याला मृत्युदंड, आतल्या आत विकणारा पुन्हा सापडला तर त्यालाही. 2005 च्या कायद्याने कलम 37 मध्ये हेच लिहून ठेवलं. लगेच पुढची 34 वी आयत मात्र या चर्चेत फारशी निघत नाही. पकडले जाण्याआधी ज्यांनी पश्चात्ताप केला त्यांना ती सूट देते.

आता खरी मेख. शरियतमध्ये ‘हद्द’ म्हणजे ठरलेल्या शिक्षा जितक्या भयंकर, तितका त्यांचा पुरावा अवघड. व्यभिचाराला चार प्रत्यक्षदर्शी, चोरीला दोन, कबुली दिली तर ती मागे घ्यायची मुभा, आणि वर नियम असा की शंका आली की हद्द टाळा. खुनाचा हिशेब वेगळा. तिथे मृताचे वारस रक्ताची भरपाई घेऊन किंवा नुसतंच माफ करून आरोपीला तलवारीखालून सोडवू शकतात. ड्रग्जच्या खटल्यात शिक्षा बहुतेक वेळा ‘ताझीर’ म्हणून होते, म्हणजे न्यायाधीश आणि राज्यसत्तेच्या अखत्यारीतली. इथे चार साक्षीदार लागत नाहीत. माफ करणारे वारसच नसतात. कोकणातलं अख्खं गाव वर्गणी काढायला तयार झालं तरी ती घेणार कोण? उरतो फक्त राजाचा माफीनामा. सर्वांत टोकाची शिक्षा, आणि तिच्याकडे जाणारा दरवाजा सर्वांत सैल. ताझीरमध्ये जीव घेता येतो का, यावर जुन्या फकिहांत, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांत, एकमत नव्हतं. शाफई पंथ याबाबतीत हात आखडता घेतो. हनफी पंथाने ‘सियासत’ म्हणून, राज्याची गरज म्हणून मोकळीक दिली.

गरज राज्याची म्हटल्यावर ती राज्याच्या सोयीने बदलतेही. सौदीत 2020 पासून ड्रग्जसाठीचे मृत्युदंड थांबले होते. मार्च 2022 मध्ये युवराजांनी मुलाखतीत सांगितलं की कुराणात आहे तेवढा एक वर्ग सोडून ही शिक्षा आम्ही काढून टाकली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि पहिले गेले ते पाकिस्तानी नागरिक. मजा अशी की खुद्द पाकिस्तानने 2023 मध्ये आपल्या 1997 च्या अमली पदार्थ कायद्यातून मृत्युदंड काढला. दोन्ही देश स्वतःला इस्लामी म्हणवतात, कुराणही तेच वाचतात.

इराणचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण तिथे दोरखंड ढिला सोडलेला नव्हता. 30 ग्रॅम हेरॉइन किंवा 5 किलोच्या वर अफू, की फाशी. अफगाण सीमेवरून माल येतच राहिला. फेब्रुवारी 2016 मध्ये तिथल्याच एका उपाध्यक्ष बाईंनी जाहीरपणे सांगितलं की सिस्तान-बलुचिस्तानातल्या एका गावातले सगळे पुरुष फासावर गेले आहेत. 2017 मध्ये संसदेने वजनं चढवली. हेरॉइन 2 किलो, अफू 50 किलो; हत्यार, टोळीचं म्होरकेपण, अल्पवयीनांचा वापर अशा बाबी वेगळ्या धरल्या. या गुन्ह्यांतल्या फाशा 2017 मध्ये दोनशेच्या वर होत्या, त्या 2018 मध्ये पंचविशीच्या आसपास आल्या. इथवर ठीक. पण 2023 मध्ये आकडा पुन्हा 481 वर गेला, कायदा तोच असताना. न्यायसंस्थेचा आणि सरकारचा कल बदलला, एवढंच.

आणि मरतो कोण? कुरकुंभसारख्या कारखान्याचा मालक विमानतळाच्या रांगेत उभा राहत नाही. रांगेत असतो हमाल. गरीब, परका, अरबी न येणारा, दुभाष्यामार्फत समजलेल्या कागदावर अंगठा देणारा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं. सौदीच्या कलम 37 मध्ये भारतासारख्या वजनाच्या पायऱ्या नाहीत. माल ‘आणला’ एवढं ठरलं की पुरे. न्यायाधीशाला दया आली तरी खालची मर्यादा 15 वर्षं कैद आणि लाख रियाल दंड.

मुंबईला हे नवं नाही. 2019 मध्ये दोहाच्या विमानतळावर मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात चार किलोच्या आसपास चरस सापडला. नात्यातल्याच बाईने कुणासाठी तरी म्हणून दिलेलं ते पुडकं. दहा वर्षं कैद झाली, आणि 2021 मध्ये सुटका झाली ती भारतातल्या एनसीबीने, म्हणजे अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने, ते पुडकं कुठून आलं हे शोधून काढल्यावर. 2023 मध्ये शारजात एका अभिनेत्रीच्या हातातल्या ट्रॉफीत माल निघाला. तो कुणी भरला हे मुंबई पोलिसांनी खणून काढलं. दोन्ही वेळा वेळ मिळाला म्हणून माणसं वाचली. मान उडाल्यावर एनसीबीचा अहवाल कुणाला दाखवणार?

म्हणून चिपळूण-म्हसळ्याहून निघताना दुसऱ्याचं पार्सल घ्यायचंच असेल तर ते स्वतः उघडून, स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून घ्यावं. शिवलेली पिशवी, सीलबंद लोणच्याचा डबा, नव्या चपलेचा जाड तळ, हे सरळ नाकारावं. पाठवणाऱ्याला राग आला तर येऊ दे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलम ही चिंता-झोपेची गोळी, यांना आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते, नुसती डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही. मूळ पट्टी ठेवावी; सुट्या गोळ्या डबीत भरणं हा चौकशीला दिलेला हमखास निरोप. खसखस तर सौदीत आणि अमिरातीत दोन्हीकडे बंद आहे. दिवाळीत अनारसे पाठवायचे तर तेवढं लक्षात असू द्यावं. तिच्यापायी कुणाचं मुंडकं जात नाही, पण विमान जातं आणि रात्र पोलीस ठाण्यात.

आता घरच्या मागणीकडे. सौदीसारखा कायदा आणा म्हणणाऱ्यांच्या गावीही नसतं की मृत्युदंड आपल्याकडे 1989 पासून पुस्तकात आहे. एनडीपीएस या अमली पदार्थ कायद्याचं कलम 31 अ: पुन्हा सापडलेल्याला, आणि हेरॉइन 1 किलो, चरस 20 किलो अशा वजनांवर. तो सक्तीचा होता. जून 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली, 2014 मध्ये संसदेने ‘देता येईल’ असं केलं. या कलमाखाली आजवर कुणी फासावर गेलेलं नाही. खटले पडतात ते वेगळ्याच ठिकाणी: झडतीच्या वेळी कलम 50 चा, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा, हक्क सांगितलेला नसतो, नमुने कलम 52 अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर काढलेले नसतात, सीलचा ठसा पंचनाम्याशी जुळत नाही, पंच नेहमीचेच निघतात, प्रयोगशाळेचा अहवाल महिनोन्महिने येत नाही. यातली एकही गोष्ट तलवारीने सुधारत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या तोफान सिंग निकालाने तपास अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून बाद केली, तर आपल्याकडे ‘आरोपी सुटायची सोय’ म्हणून ओरड झाली. सौदीतल्या दम्मामच्या कोठडीत अडकलेल्या खेडच्या पोरासाठी हीच माणसं तसल्याच सोयीसाठी दूतावासाचे उंबरठे झिजवतील.